मालवणच्या घराला बाथसारखा दर्शनी भाग: पॅरापेट घ्यावा का?

देवबागकर: नमस्कार मंडळी. मालवणजवळ आमचं आजोबांच्या वेळचं जांभ्याचं घर आहे, वर मंगळुरी कौलं. गणपती झाले की दुरुस्तीला काढायचंय. मुलगी इंग्लंडात असते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिथल्या बाथ शहरातलं '१, रॉयल क्रेसेंट' पाहिलं. अठराव्या शतकातलं घर, आता तिथे संग्रहालय आहे. उंच खिडक्या, छताच्या कडेने प्लास्टरची नक्षी, मन भरून आलं अगदी. आमच्या इंजिनिअरने तसाच नकाशा काढलाय: पुढे सपाट भिंत, वर पॅरापेट म्हणजे छपराच्या वर जाणारा भिंतीचा कठडा, कौलं मागे दडलेली. आईचा विरोध आहे, "कौलं दिसली नाहीत तर घर कसलं" म्हणते. तिकडच्या लोकांनी छप्पर लपवलं तरी का? आपल्याकडे चालेल?

चिरेबंदी: काका, आईंचं ऐका. मी गुहागरकडे जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते, म्हणून कळकळीने सांगते.

छप्पर दडवण्यामागे आगीची भीती होती. १६६६ च्या आगीत लंडन जळलं. १७०७ च्या कायद्याने तिथे छपराच्या कडेच्या लाकडी पट्ट्या बंद केल्या. मग भिंतच छपराच्या वर उचलली, आणि ती फॅशन गावोगाव गेली. ग्रीक-रोमन धाटणीच्या दर्शनी भागाला ती शोभूनही दिसायची. पण पॅरापेटच्या मागे पन्हळ आली, ती शिशाच्या पत्र्याने मढवायची. पानं अडकली की पाणी थेट भिंतीत. लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी ही पन्हळ सांभाळावी लागते. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत.

तुमच्या पन्हळीत आंब्याची पानं, कौलांवरचं शेवाळ, वाऱ्याने आलेली माती असं सगळं जमणार. जांभा पाणी पितो. आत गिलाव्याला आधी पिवळट डाग येतो, मग फुगवटा, मग बोट लावलं की पापुद्रा हातात येतो. वळचण अडीच-तीन फूट बाहेर हवी, पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत. आपल्या झडीच्या पावसाला दुसरा उपाय नाही.

घ्यायचंच तर खिडकीच्या झडपा घ्या. तिकडे त्या भिंतीच्या जाडीत दुमडून बसतात, उघड्या असताना लाकडी चौकटच वाटते. आपल्या जांभ्याच्या भिंती जाड, त्यामुळे ते सहज जमेल. आणि आतून चुन्याचाच गिलावा ठेवा, सिमेंट नको. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते.

रंधा: खिडक्यांचं मी सांगतो, सुतारकाम करतो. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत दोरी, कप्पी आणि बाजूच्या पेटीत लोखंडी वजनं असतात. काम फार सुरेख. पण आषाढात लाकूड फुगलं की खिडकी अडकणार, आणि खाऱ्या हवेत वजनं गंजणार. आपली आडवी दुभागलेली खिडकी बरी: पावसात खालचा भाग लावा, वरचा उघडा ठेवा. दारावर अर्धवर्तुळाकार तावदान मात्र जरूर बसवा, ओटीत उजेड येतो. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून या. १९१० चं बांधकाम, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आहेत, आणि छप्पर उतरतं, उघडं.

देवबागकर: मनापासून आभार दोघांचे. तिथल्या काही घरांच्या खिडक्या बुजवलेल्या दिसल्या, ते पण पावसामुळे?

चिरेबंदी: नाही. १६९६ ते १८५१ तिथे खिडक्यांवर कर होता, म्हणून काहींनी बुजवल्या. पण सगळ्या करामुळे नाहीत. दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून काही पहिल्यापासूनच आंधळ्या बांधल्या. रॉयल क्रेसेंट ही घरांची अर्धचंद्राकार ओळ आहे, तिच्यात तीस घरं आहेत, वास्तुविशारद जॉन वुड धाकट्याने १७६७ ते १७७४ मध्ये बांधलेली. त्याने दर्शनी भाग एकसारखा ठरवून दिला, मागचं घर मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधून घेतलं. मागून पाहिलं तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

इंजिनिअरला नवा नकाशा काढायला सांगाल तेव्हा वळचणीचं माप त्यावर लिहून घ्या. आणि वासे उतरवलेत की भिंतीच्या माथ्याचे फोटो इथे टाका, कुठे ओल मुरली आहे ते पाहून सांगते.