सदनिकेच्या हॉलमध्ये टॉवर स्पीकर : घेऊन चूक झाली का?

काळीएक

सहा वर्षे टॉवर स्पीकर वापरल्यानंतर मी एका मतावर आलो आहे, आणि त्याला विरोध होणार याची कल्पना असूनही ते इथे मांडतो. नेहमीच्या सदनिकेच्या हॉलमध्ये जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आणणे ही चूक आहे. तेवढ्याच पैशांत स्टँडवरचे बुकशेल्फ (लहान पेटीचे) स्पीकर घेतले, तर बहुतेक घरांत गाणे अधिक चांगले ऐकू येईल.

माझा हॉल पुण्यातला, १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद. टॉवर सव्वातीन फूट उंच असून प्रत्येकात खालचे स्वर वाजवणारे साडेसहा इंची दोन वूफर आहेत. दुकानात ऐकले तेव्हा ते भिंतीपासून चांगले चार फूट पुढे मांडलेले होते आणि त्या आवाजावर मी भाळलो. घरी मात्र उजवा स्पीकर थेट कोपऱ्यात गेला, डावा बाल्कनीच्या सरकत्या दाराशेजारी आला, आणि टीव्ही युनिट हलवण्याचा विषय घरात एकदाच निघाला व त्याच दिवशी मिटला. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुगतात, दाराशी ते तसे फुगत नाहीत, त्यामुळे दोन्हींचा आवाज एका जोडीचा वाटतच नाही.

मी मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतो. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरून) लावलेला असेल, तर खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार छेडली जाताच माझ्या सोफ्यापाशी एक घुमारा उठतो आणि विलंबित बंदिशीच्या शब्दांवर बसून राहतो. गेल्या महिन्यात एका मित्राचे पाच इंची वूफरचे बुकशेल्फ पंधरा दिवस वापरायला आणले, आणि शब्द लख्ख ऐकू आले, तानपुरा मोकळा झाला. लहान पेटीला हिणवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की बीबीसीने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये आवाज पारखण्यासाठी मुद्दाम एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर बनवला होता, आणि त्याचे चाहते आजही आहेत. टॉवर विकावेत असे मनात आहे. माझे म्हणणे कोणाला खोडून काढायचे असेल, तर जरूर काढावे.


लाकूडतोड्या

खोडून काढतो. मी गेली अनेक वर्षे हौसेने स्पीकरच्या पेट्या बनवतो, आणि माझ्या मते तुम्ही आरोपी चुकीचा पकडला आहे.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. तुमच्या हॉलची लांबी ४.८८ मीटर धरली, तर त्या लांबीत बसणारा पहिला स्थिर तरंग (दोन भिंतींमध्ये जागच्या जागी घुमत राहणारा स्वर) ३५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनांच्या, आसपास येतो आणि दुसरा ७० हर्ट्झच्या आसपास. आता तानपुरा पाहा. काळी एकमध्ये जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झवर लागतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. तुमच्या खोलीचा स्वतःचा स्वर आणि गायकाचा खर्ज जवळजवळ एकच आहेत, हा निव्वळ दुर्दैवी योगायोग आहे. त्यात तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असणार, आणि भिंतीपाशी या सगळ्या तरंगांचा दाब सर्वाधिक असतो. म्हणजे घुमारा जिथे सर्वांत जास्त, नेमके तिथे बसून तुम्ही स्पीकरला दोष देत आहात.

बुकशेल्फने हा प्रश्न सुटला असे तुम्हाला वाटते, पण पाच इंची वूफरचा, पोर्ट (खालच्या स्वरांना जोर देणारे पेटीचे भोक) असलेला स्पीकरही ७० हर्ट्झ बऱ्यापैकी वाजवतो. ते बुकशेल्फ तुम्ही स्टँडवर, कोपरा सोडून मांडले असणार, म्हणून घुमारा कमी झाला. आणि जो थोडा खर्ज त्यांना जमला नाही, त्याची उणीव तुम्हाला जाणवली नाही. याचे कारण असे की तानपुऱ्याच्या खर्जात मूळ स्वरापेक्षा त्याचे वरचे स्वयंभू स्वर (तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वर) अधिक ठळक असतात, आणि मूळ स्वर गाळला तरी कान तो मनाने भरून काढतो. तुम्ही ज्याला मोकळा तानपुरा म्हणता, तो काही अंशी खर्ज गाळलेला तानपुरा आहे. एलएस ३/५एचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे: ती बंद पेटी ८० हर्ट्झच्या खाली उतरायला लागते, आणि गाडीच्या चिंचोळ्या जागेत निवेदकाचा आवाज तपासायला तेवढे पुरत असे.

एक प्रयोग करा. १६ फुटांचा पाव भाग म्हणजे चार फूट. मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे एक खुर्ची ठेवा आणि तीच बंदिश ऐका. ७० हर्ट्झच्या तरंगाचा दाब तिथे सर्वांत कमी असतो.


पडदानशीन

दोघेही फक्त गाण्यापुरते बोलत आहात. माझ्याकडे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालच्या स्वरांसाठीची वेगळी पेटी) असा चित्रपटांसाठीचा संच आहे, आणि पूर्वी त्यात पुढचे दोन टॉवर होते. मी ते काढून टाकले. रिसीव्हरमध्ये (संचाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) पुढचे स्पीकर 'स्मॉल' ठरवून ८० हर्ट्झची सीमा घातली (चित्रपटांच्या ध्वनीचे मानक ठरवणाऱ्या टीएचएक्सची शिफारसही हीच आहे) की त्याखालचे सगळे काम सबवूफरकडे जाते, आणि टॉवरची जी खासियत म्हणून आपण जास्तीचे पैसे मोजतो, ती खालच्या सप्तकाची पट्टी बसून राहते. मग उरते ते लाकूड.

शिवाय टॉवर एकाच जागी बसून दोन कामे करतो: वरच्या स्वरांसाठी त्याला पडद्याच्या दोन बाजूंना उभे राहावेच लागते, मग खालच्या स्वरांसाठी ती जागा कितीही वाईट असो. सबवूफरला ते बंधन नाही. मी सबवूफर चक्क सोफ्यावर ठेवून, स्वतः हॉलभर रांगत, कुठे आवाज सर्वांत सपाट येतो ते शोधले आणि मग त्या जागी तो बसवला. घरच्यांनी तो प्रसंग अजून विसरलेला नाही, पण ऐकताना फरक स्पष्ट कळतो.


पाऊसवेडी

मी रत्नागिरीजवळ कौलारू घरात राहते, आणि आमची ओटी व माजघर मिळून सलग २६ बाय १५ फुटांची जागा आहे. तिथे स्टँडवरचे स्पीकर मी दोन वर्षे वापरले आणि नंतर टॉवर आणले, तेव्हा पडदानशीन यांचा मुद्दा मला अर्धाच पटतो.

प्रश्न केवळ किती खाली उतरतो याचा नसून किती जोर न करता वाजतो याचाही आहे. माझ्या जुन्या स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच शक्तीवर निघणारा आवाज) ८५ डेसिबल होती, आताच्या टॉवरची ९१ आहे. दर तीन डेसिबलला अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट लागते, म्हणजे सहा डेसिबलचा हा फरक भरून काढायला चौपट वॅट लागतील. १४ फुटांवरून चित्रपट पाहताना जुने स्पीकर ओरडू लागत असत, आणि हे ओरडणे ८० हर्ट्झच्या खालचे नव्हते, तर १०० ते ३०० हर्ट्झच्या टापूतले होते, जिथे पुरुषाच्या आवाजाची छाती आणि ढोलाचे अंग असते. सबवूफर तिथे मदतीला येत नाही. दोन वूफर मात्र तो भार वाटून घेतात.

स्टँड लावून जागा वाचते हाही एक गोड गैरसमज आहे, कारण जमिनीवर दोघांचा पाय जवळपास सारखाच पडतो, आणि आमच्या मांजराने दोन वर्षांत एक बुकशेल्फ दोनदा खाली पाडला. तरीही टॉवरचे एक दुखणे मान्य करते. त्यांची पेटी एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या तक्त्याची) असते आणि लादी पुसताना तळाशी पाणी मुरले की ती फुगते. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. मी खाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेवले आहेत. आणि ज्यांच्या वूफरची कड फोमची आहे, त्यांनी ती दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होणार हे धरूनच चालावे; रबराची कड जास्त टिकते.


तळघरवाला

न्यू जर्सीहून लिहितो आहे. माझेही टॉवर आहेत, तेही तळघरात, आणि त्यांच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तरी काळीएक यांची बाजू मला समजते. आपण सगळे वाचतो ते अभिप्राय बहुतांशी इकडच्या घरांत बसून लिहिलेले असतात. इकडच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात, आणि खालचे स्वर त्यांना थोडे हलवून, थोडे आरपार जाऊन विरतात. वर जाडजूड गालिचा असतो. पुण्याला भावाच्या घरी विटा आणि काँक्रीटच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल. तिथे खालचा स्वर बाहेरही जात नाही आणि शोषलाही जात नाही, तो खोलीतच फिरत राहतो. तोच स्पीकर, पण दोन घरांत दोन स्वभाव. त्यामुळे इकडच्या स्तुतीवर विसंबून तिकडे टॉवर घेणाऱ्याची निराशा होऊ शकते, हे लाकूडतोड्यांच्या गणितात आले नाही.


लाकूडतोड्या

आले नाही हे कबूल. पण काँक्रीटच्या खोलीत सबवूफरही तसाच फिरत राहणार, त्यामुळे हा मुद्दा टॉवरविरुद्ध जात नाही, तर पडद्यांशिवाय दुसरे काही मऊ नसलेल्या हॉलविरुद्ध जातो. आणि सबवूफर सुचवणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि स्लॅबमधून उतरणारी धडधड मोजायला कोणी यंत्र घेऊन येत नाही, थेट दार वाजवते.


पडदानशीन

माझ्या मोठ्या टॉवरनेही दार वाजले होते. शेजाऱ्याला त्याच्या डोक्यावर कोणत्या पेटीतून चाळीस हर्ट्झ उतरले याच्याशी कर्तव्य नसते. उलट सबवूफरची कळ रात्री दाबून बंद करता येते; टॉवरचा वूफर कसा बंद करणार?


काळीएक

रविवारी प्रयोग केला. खुर्ची भिंतीपासून चार फुटांवर आणली आणि टॉवर होते तिथेच ठेवले. लाकूडतोड्या यांचे गणित बरोबर निघाले: घुमारा इतका उतरला की मला आधी रेकॉर्ड बदलली गेल्याची शंका आली, आणि सोफ्यावर परत बसताच तो परत आला. म्हणजे तानपुऱ्याबाबत मी टॉवरवर अन्याय केला, हे मान्य.

मात्र माझे मूळ म्हणणे मी मागे घेत नाही. ती खुर्ची हॉलच्या वाटेत येते. स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे जाणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून गेला, आणि संध्याकाळी ती उचलली गेली. लाकूडतोड्या यांचे उत्तर ध्वनिशास्त्रात बरोबर आहे, पण ते ज्या खोलीत लागू पडते, ती खोली फक्त ऐकण्यासाठी राखलेली असते. हॉल सगळ्यांचा असतो. त्यात पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात, गणपतीला मखर मांडले जाते आणि तेव्हा उजवा स्पीकर दहा दिवस बेडरूममध्ये जातो. सोफा भिंतीला आणि स्पीकर कोपऱ्यात हीच बहुतेकांची खरी मांडणी असेल, तर त्या मांडणीत कमी बिघडणारी वस्तू घ्यावी, हा सल्ला चुकीचा कसा? राहिला खर्ज कानाने भरून काढण्याचा मुद्दा. कानाने तो सुखाने भरून काढला आणि बंदिशीचे शब्द कळले, तर माझी त्याला हरकत नाही.

पाऊसवेडी यांचा जोर न करता वाजण्याचा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला, पण मी दहा फुटांवर बसतो आणि माझे ऐकणे मध्यम आवाजाचे असते.


लाकूडतोड्या

मग विकण्यापूर्वी एक शेवटचे करून पाहा, याला खुर्ची लागत नाही. फक्त उजव्या, कोपऱ्यातल्या स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये स्वच्छ मोज्यांची जोडी घट्ट गुंडाळून बसवा. पोर्ट बंद झाला की पेटी बंद पेटीसारखी वागते, खालचा जोर कमी होतो आणि उतार लवकर पण हळुवार सुरू होतो. कोपरा जेवढे फुगवतो, त्यातले बरेचसे त्याने वजा होते. डावा उघडाच राहू द्या, त्याला कोपरा मिळालेला नाही. एवढे करूनही शब्द बुडत असतील, तर जाहिरात टाका, आणि मूळ खोकी माळ्यावर शाबूत असतील तर तेही त्यात लिहा, कारण खोक्याशिवाय टॉवर दुसऱ्या गावी पाठवायला कोणी धजावत नाही.


काळीएक

खोकी शाबूत आहेत. मोजे आज रात्री.