मदत हवी आहे: विमा नाही आणि छातीत गाठ आहे, मोफत दवाखान्यानंतर पुढे कुठे जायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींसाठी विचारते आहे. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा वारला, मुलगा डिलिव्हरीचं काम करतो. विमा कसलाच नाही. छातीत गाठ हाताला लागली म्हणून त्या वस्तीजवळच्या ‘आपला दवाखाना’त गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट तपासलं, रक्ताच्या तपासण्या केल्या, आणि मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीसाठी चिठ्ठी दिली. एक रुपया लागला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण या दवाखान्यांना नावं ठेवणारेच जास्त भेटतात.

घोडं अडलंय ते पुढे. मावशी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवून बसल्या आहेत. “तिथं लाखांत बोलतात, ताई.” महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढरं रेशनकार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एवढं मला ठाऊक आहे. पण त्यांचं कार्ड जालन्याकडच्या गावचं, सासऱ्यांच्या नावावर आहे. ते मुंबईत चालेल का? आधी केईएमला दाखवायचं की थेट टाटाला? आणि केमो सुरू झाली की कामं सुटणार, मग घर कसं चालवायचं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. गाठ थांबून राहणार नाही, याचीच मला धास्ती आहे.

प्रतिसाद:

ताई, मी बरीच वर्षं वैद्यकीय समाजसेवक होते. आधी निदान, मग कागद. केईएमला सकाळी लवकर केसपेपर काढा, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) तिथे नाममात्र दरात होते. तेवढेही पैसे नसतील तर तिथल्याच समाजसेवा विभागात जा. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे त्या तुकड्याचे नमुने, जपून ठेवा, पुढे टाटाला जायची वेळ आली तर ते हमखास मागतात. टाटाला गेलात तर जनरल कॅटेगरीतच (सवलतीच्या दराच्या) नाव घाला.

गावचं कार्ड राज्यात कुठेही चालतं. फक्त त्यात मावशींचं नाव हवं आणि ते आधारशी जुळायला हवं. चूक असेल तर मुलाला आत्ताच तहसीलला पाठवा, उपचाराआधी योजनेकडून लागणारी पूर्वमंजुरी बहुतेक वेळा नावाच्या चुकीतच अडकते. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, अर्ज त्याच्याकडूनच भरून घ्या.

धर्मादाय रुग्णालय जवळ पडत असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. “खाट नाही” म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा, गप्प बसू नका.

घरखर्चाचं उत्तर मात्र कमजोर आहे. संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि कर्करोगाचे रुग्ण दोन्ही बसतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. मुलगा कमावतो म्हणजे अवघडच. तुम्ही आणि बाकीच्या घरांनी मिळून मावशींचा पगार उपचार संपेपर्यंत चालू ठेवता आला, तर बघा.