मदत हवी आहे: कंत्राटी नर्सचा कापलेला पगार मागायचा कोणाकडे?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. धाकटी बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली), मडगावकडे एका खाजगी हॉस्पिटलात कोविड वॉर्डला आहे. नेमणूक एजन्सीमार्फत, हातात पत्र नाही. पगार १५,००० आणि ड्युटी आठ तासांची, असं तोंडी ठरलेलं. यंदा, म्हणजे २०२१ च्या मेमध्ये, कर्फ्यू लागला तेव्हापासून सरळ बारा तास, कारण सोडवायला पुढची पाळीच येत नाही. जादा तासांचा रुपया नाही.

पीपीई किट चढवलं की पाणी नाही, बाथरूम नाही. उतरवलं तर नवीन किटला इनचार्जची सही लागते, आणि 'आत्ताच तर दिलं होतं' हे ऐकवल्याशिवाय बाई सही करत नाहीत. मासिक पाळीच्या दिवसांतही तेच. बहीण हे फोनवर हसत सांगते, त्याने माझं डोकं आणखी फिरतं.

मुख्य प्रश्न पैशांचा. गेल्या सप्टेंबरात वॉर्डातच पॉझिटिव्ह झाली. क्वारंटाइनचे सगळे दिवस स्लिपवर बिनपगारी रजा! हॉस्पिटलचं एचआर म्हणतं, तुम्ही आमच्या रोलवर, म्हणजे आमच्या नोकरांच्या यादीत, नाही. एजन्सीवाला म्हणतो, हॉस्पिटलने बिल पास केलं की बघू. कोविड ड्युटीचे १०० दिवस भरणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य, असं केंद्राने मेमध्ये जाहीर केलं; त्यासाठी दाखला मागितला तर पुन्हा तीच टोलवाटोलवी.

नोकरी सोडून चालणार नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (कोर्टाची पायरी):
कंत्राटी कामगार कायदा, १९७०, कलम २१ बघा. आजच्या, म्हणजे २०२१ च्या, नियमाने कंत्राटदाराने, म्हणजे एजन्सीने, पगार थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे हॉस्पिटलने, द्यायचा आणि मग त्याच्याकडून वसूल करायचा. कंत्राटी माणसं कायद्यात ठरलेल्या संख्येइतकी हवीत, मोठ्या हॉस्पिटलात बहुधा असतात. क्वारंटाइनचे दिवस रजा धरू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० अखेर बजावलं होतं. पण हलायचं तर आत्ता हला. सध्याच्या (२०२१) वेतन प्रदान कायद्याखाली कपातीपासून बारा महिन्यांत अर्ज लागतो, म्हणजे तुमची मुदत संपतच आली. पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे जा. ओव्हरटाइमचं नंतर बघू.

धागाकर्ता:
आभारी आहे. पण पत्रच नाही, तर ती तिथे कामाला आहे हे दाखवायचं कसं?

प्रतिसाद (नाइट सिस्टर):
रोस्टर व्हॉट्सॲपवर येतं ना? ते चॅट आजच स्वतःला ईमेल करायला सांगा. तक्रारीचा वास लागला की आधी ग्रुपमधून काढतात, आमच्याकडे हेच झालं. बँकेचं पासबुक, पीएफ कापत असतील तर तेही. आणि एकटीची सही नको. ज्यांचे ज्यांचे पैसे अडकलेत त्यांचा एकच अर्ज करता येतो. चौघींना एकदम काढलं तर रात्रपाळीला कोणाला उभं करतील?

धागाकर्ता:
दोघी तयार झाल्या. तिसरीची मूळ सर्टिफिकेटं एजन्सीने ठेवून घेतलीत, म्हणून ती घाबरते. सर्टिफिकेटं आधी सोडवून घ्यावीत की याच अर्जात लिहावं?