बास्तीयच्या जागेवरचं कारंजं: या एन्ग्रेव्हिंगवर विश्वास ठेवायचा का?

कोरीव: १० ऑगस्ट १७९३. राजेशाही उलथली त्याला वर्ष झालं म्हणून पॅरिसमध्ये मोठा सोहळा झाला. आखणी चित्रकार जाक-लुई दाविदची. पाडलेल्या बास्तीय तुरुंगाच्या जागेवर निसर्गदेवतेचा इजिप्शियन धाटणीचा अवाढव्य पुतळा बसवला होता आणि तिच्या स्तनांतून पाणी वाहत होतं. कन्व्हेन्शनचे, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच संसदेचे, अध्यक्ष एरो द सेशेल ते पाणी प्यायले, त्यांच्यामागून प्रांतोप्रांतीचे ८६ वयोवृद्ध प्रतिनिधी. शार्ल मोने या चित्रकाराच्या चित्रावरून एल्मान या कोरीवकारानं हा प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर कोरला आणि आज त्या दिवसाचं चित्र म्हणून बहुतेक वेळा तेच दाखवतात. माझ्या मते ते दिशाभूल करतं. पुतळा होता प्लास्टरचा, वरून ब्राँझचा रंग. छापात मात्र तो शतकानुशतकं तिथंच बसलाय असं वाटतं. गणपतीतला देखावा हेमाडपंती देऊळ म्हणून खपवण्यासारखंच हे.

पारवा: पटलं नाही. प्लास्टर होतं हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला दिसत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही मापं बघा. देवता प्रचंड आणि तिच्यापुढे पेला धरलेला अध्यक्ष चिमुकला. काल-परवापर्यंत राजा सगळ्यांपेक्षा मोठा दाखवायची रीत होती. इथं सत्ताधारी माणूस गर्दीतल्या इतरांएवढाच आहे. चौथऱ्यावर लिहिलं होतं, ‘आपण सारे तिची लेकरं’. ते वाक्य चित्रकारानं उंचीच्या फरकातून सांगितलंय. पाद्री नाही, मुकुट नाही, एकाच पेल्यातलं पाणी! मला हे फार मोठं वाटतं.

सदाफुली: लेकरं सारी, पण पेला कुणाच्या हातात? ते ८६ जण पुरुषच. त्या दिवशी ज्या नव्या राज्यघटनेचा जयजयकार झाला, तिनं मताधिकार फक्त पुरुषांना दिला. ३० ऑक्टोबरला तर बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदीच आली. पुतळ्यातल्या बाईनं पाजायचं आणि खऱ्या बाईनं गप्प बसायचं, असंच हे चित्र मला दिसतं.

पारवा: सदाफुली, त्याच मिरवणुकीचा पुढचा टप्पा म्हणजे १७८९च्या ऑक्टोबरात व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेलेल्या बायकांच्या मानाची कमान होती. ती धरून बोला की.

सदाफुली: धरते. त्या कमानीपाशी अध्यक्षांनी त्या बायकांना काय सांगितलं? वीर जन्माला घाला! तोफा ओढत राजाच्या दारात गेलेल्या बायकांना बक्षीस म्हणून बाळंतपण. कमानीनं माझंच म्हणणं पक्कं होतं.

पारवा: या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पाणी पिण्याच्या प्रसंगातली समता खोटी होती, हे अजूनही मान्य नाही.

कोरीव: एक तारीख दोघांनीही सोडलीत. छाप १७९७च्या सुमाराचा आहे. तोवर एरो द सेशेलचं मुंडकं उडालं होतं, ५ एप्रिल १७९४ला, क्रांतीचा पुढारी दाँतों याच्याबरोबर. ती नवी राज्यघटना तर अमलात आलीच नाही. म्हणजे विकत घेणाऱ्याला शेवट ठाऊक होता, तरी चित्रात सगळं जिथल्या तिथं आणि शांत. ही सारवासारव नव्हे तर काय?

सदाफुली: इथं मी पारव्याच्या बाजूनं. सारवासारव करायची असती तर आधी एरोलाच गाळला असता. गिलोटिनवर गेलेल्या माणसाला एल्माननं ऐन मध्यावर पेला घेऊन उभा ठेवलाय. १७९७मध्ये ज्यानं हा छाप पाहिला, त्याची नजर त्या पेल्यावरून सरळ पुढे गेली असेल असं तुम्हाला खरंच वाटतं?