जीएसटीचे पैसे: अनुदान की भरपाई?

मुळाकाठ: महापालिकेच्या अंदाजपत्रकावर नागरिकांसाठी एक पुस्तिका मराठीत करतोय. जमेच्या बाजूला जीएसटीपोटी राज्याकडून येणारी रक्कम आहे. मी ‘जीएसटी अनुदान’ लिहिलं, पेपरातही तेच असतं. तपासणाऱ्या निवृत्त लेखापाल काकांनी ते खोडून ‘भरपाई’ केलं, वर शेरा मारला: ‘अनुदान मागून मिळतं, हे आपलंच आहे.’ काय ठेवू?

खतावणी: काका बरोबर. मुंबईची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, जीएसटी आला तेव्हा १ जुलै २०१७ ला गेली, बाकी महापालिकांची एलबीटीने (स्थानिक संस्था कराने) आधीच खाल्ली होती. हातचं उत्पन्न काढून घेतलं म्हणून २०१७ चा कायदा आला आणि त्याच्या नावातच भरपाई आहे. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दरसाल ८ टक्के वाढ. अनुदान म्हणजे सरकारची मर्जी.

कोरा कागद: मर्जी? हे जरा अनुदानित शाळेतल्या मास्तरांना सांगून बघा. आणि नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली. त्या बदल्यात त्यांना जे मिळतं त्याला कागदोपत्री ‘सहायक अनुदान’च म्हणतात. नुकसान तेच, मग नगरपालिकेला अनुदान आणि महापालिकेला भरपाई का?

अमरकोश: अनु म्हणजे मागून. आधी घेतलं, मागून दिलं, ते अनुदान! शब्द चपखल आहे. खटकतो तो ‘अंदाजपत्रक’. अर्धा फारसी, अर्धा संस्कृत. सरळ अर्थसंकल्प म्हणा.

खतावणी: अर्थसंकल्प राज्याचा, अंदाजपत्रक पालिकेचं. आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात तो अंदाजच असतो. समिती त्यात हजार कामं घुसवून तो फुगवते, मग तर नक्कीच. संकल्प कसला!

कोरा कागद: पालिकेत शिपायापासून आयुक्तांपर्यंत सगळे ‘बजेट’ म्हणतात. (अवांतर: ‘जकात’ही अरबी. मूळ अर्थ धर्मादाय दान. म्हणजे दान बंद करून अनुदान सुरू झालं.)

नाक्यावरचा: जकातीचं नाव काढलंत! वडिलांचा टेम्पो होता. शहरातून नुसतं पलीकडे जायचं असलं तरी नाक्यावर ‘इस्कॉट’ फाडायला लागायचा. तो एस्कॉर्ट हे मला कॉलेजात कळलं. पावती टोपीत खोचायची, दुसऱ्या टोकाला दाखवायची. वडील अजून त्या चौकाला नाकाच म्हणतात.

अमरकोश: त्याला पारगमन शुल्क असा सुंदर शब्द होता.

नाक्यावरचा: होता. पावतीवर.

मुळाकाठ: मंडळी, पानं उद्या छपाईला जातायत. ‘भरपाई अनुदान’ चालेल का?

अमरकोश: चालणार नाही. भरपाई तरी म्हणा, नाहीतर अनुदान.

खतावणी: शासन निर्णयांत दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात, बिनधास्त छापा. त्यापेक्षा ‘वर्गीकरण’ कुठे आलंय का ते बघा. एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवणं असा त्याचा पालिकेतला अर्थ. बाहेरच्या माणसाला वाटेल कचऱ्याबद्दल चाललंय.

कोरा कागद: पुनर्विनियोजन म्हणावं.

नाक्यावरचा: ते उच्चारेपर्यंत निधी वळलेला असतो.