‘हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ चूक उत्तराची की प्रश्नाची?

तेरणाकाठ

अधिवेशन संपलं की आपल्याकडे एक ठरलेली बातमी येते. अमुक आमदारांनी टँकरचा प्रश्न विचारला, सरकारनं ‘हे खरे नाही’ म्हणून हात झटकले. मग दोन दिवस सगळे मिळून मंत्रालयाला शिव्या घालतात. माझं म्हणणं उलटं आहे. मराठवाड्याचे विधानसभेत 46 आमदार आहेत, आणि त्यांच्या नावावर जाणारे कितीतरी प्रश्न असे लिहिलेले असतात की त्यांना ‘हे खरे नाही’ हेच बिनचूक उत्तर ठरतं.

साचा बघा. हा नमुना मी रचलाय, पण छापील यादी उघडली तर याचीच भावंडं सापडतील:

“(1) ... तालुक्यातील 40 गावांमध्ये टँकरच्या खेपा केवळ कागदोपत्री दाखवून लाखो रुपयांची देयके अदा करण्यात आल्याचे माहे मे मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय; (2) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय; (3) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे; (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

आणि उत्तर:

“(1) हे खरे नाही. (2), (3) व (4) प्रश्न उद्भवत नाही.”

पहिल्या भागात एकाच वाक्यात चार दावे कोंबलेत: 40 गावं, खेपा खोट्या, देयकं निघाली, मे महिन्यात उघड झालं. यातला एक जरी डळमळीत असला तरी सगळं वाक्य ‘खरे नाही’. अगदीच दया आली तर ‘हे अंशतः खरे आहे’, आणि कोणता अंश ते सांगायचं बंधन नाही. पुढचे तिन्ही भाग ‘असल्यास’च्या खुंटीला टांगलेले, त्यामुळे पहिली खुंटी निघाली की सगळंच खाली. हा प्रश्न नाहीच, बातमीचं कात्रण प्रश्नचिन्ह लावून पाठवलंय.

मन्याड

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायलाव राव तुम्ही.

आकडा 40 नसून 37 असेल तर विभागाला तो माहीत असतो की नाही? मग ‘40 नव्हे, 37 गावे’ असं लिहायला कोण अडवतं? नियम नाही अडवत. अडवते ती सवय. उत्तर लिहिणाऱ्याला माहिती द्यायची नसते, मंत्र्याला त्या दिवसातून सुखरूप बाहेर काढायचं असतं.

दुसरं, अशा उत्तरांत येणारे हे शब्द नीट वाचा: ‘जिल्हाधिकारी यांच्या अहवालानुसार’. हे शब्द उगीच येत नाहीत. सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग आणायचा तर ती हेतुपुरस्सर केली हे दाखवावं लागतं. ‘अहवालानुसार’ लिहिलं की हेतू खालच्या कार्यालयाच्या अंगावर. आणि तो अहवाल येतो कुठून? ज्या तालुक्यातून टँकरच्या खेपांचा हिशेब वर जातो तिथूनच. कुंपण शेत खातंय, आणि शेताचा अहवाल कुंपणाकडूनच मागवायलेत.

गावातल्या पाण्याचा उद्भव आटलेला आणि मुंबईत प्रश्नही उद्भवत नाही. बरं जमवलंय.

टिपणीवाला

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण उत्तर तयार कसं होतं हे बघितल्याशिवाय हा वाद हवेत राहील.

प्रश्न विधिमंडळ सचिवालयातून विभागाच्या कार्यासनाकडे, म्हणजे मंत्रालयातल्या संबंधित टेबलाकडे येतो. तिथून ईमेल विभागीय आयुक्तांना, तिथून जिल्हाधिकाऱ्यांना, मग तहसील आणि पंचायत समिती. विषय ‘विधिमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’, सोबत कोरं प्रपत्र, आणि ‘आजच दुपारी 4 पर्यंत’. टँकरचा कारभार एका टेबलावर नसतो. प्रस्ताव ग्रामपंचायतीचा, संयुक्त पाहणी तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांची, मंजुरी वरून, खेपांच्या नोंदी पंचायत समितीत, निधी टंचाई शाखेतून. चार तासांत या सगळ्यांचा मेळ बसत नाही. ज्याच्या हाताशी माहिती नाही तो ‘निरंक’ भरून मोकळा होतो. आता ‘निरंक’ म्हणजे काही घडलं नाही की काही सापडलं नाही, हे वर बसलेल्याला कळायचा मार्ग नाही.

40 आणि 37 ची गोष्टही सोपी नाही. टँकरच्या अहवालात ‘गावे’ आणि ‘वाड्या’ असे दोन वेगळे रकाने असतात. 26 गावं आणि 14 वाड्या असतील तर पेपरवाला बेरीज करून ‘40 गावे’ छापतो, आमदारांचा स्वीय सहायक तेच उतरवतो, आणि कार्यासन अधिकारी बिनदिक्कत लिहितो की 40 गावांत टँकर असल्याचे खरे नाही. खोटं कुणीच बोललं नाही.

खरी माहिती कुठे असते सांगू? तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराच्या प्रश्नाच्या उत्तरासोबत मंत्र्यांसाठी पूरक टिपणी जाते. उपप्रश्न आला तर काय बोलायचं, मागच्या वर्षी किती टँकर होते, कुणाला नोटीस दिली, सगळं तिच्यात असतं. ती छापत नाहीत. प्रश्न पुकारला गेला आणि आमदारांनी नेमका उपप्रश्न विचारला तरच तिच्यातलं बाहेर येतं. नाहीतर टिपणी फायलीत परत.

जोंधळा

एवढा खटाटोप कशाला करायलाव? माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. आमदाराच्या दारात जायचं काम नाही. 26 नोव्हेंबर 2018 चा शासन निर्णय आहे: दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्ह्यातल्या व खालच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. जायचं आणि टँकरचं लॉगबुक मागायचं.

अर्ज करायचा तर एक गाव, एक महिना. आपल्या राज्यात 150 शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, त्यामुळे भारूड लिहू नका. चारच गोष्टी मागा: मंजुरीचा आदेश, लॉगबुकाची प्रत, जीपीएस अहवाल, अदा केलेलं देयक. मुदत 30 दिवस, नंतर पहिलं अपील.

हिशेब घरीच होतो. गावाची लोकसंख्या 2000, टंचाईत माणशी 20 लिटर, म्हणजे दिवसाला 40,000 लिटर. टँकर 10,000 लिटरचा असेल तर रोज 4 खेपा. तीनच आल्या तर माणशी 15 लिटर. लॉगबुकात चार, जीपीएसमध्ये तीन आणि देयकात चार असं निघालं की ‘हे खरे आहे काय’ विचारायची गरजच उरत नाही.

फक्त जीपीएसवर डोळे झाकून भरोसा नको. ते गाडी फिरलेली दाखवतं, पाणी फिरलेलं नाही. अर्धी टाकी भरून आलेला टँकरही नकाशावर पूर्ण खेपच दिसतो. म्हणून जिथं टँकर भरतात त्या उद्भवावरची भरण्याची नोंदवही पण मागा. ती बहुतेक लोक विसरतात.

तेरणाकाठ

जोंधळाभाऊ, लॉगबुकाचं सगळं मान्य. पण माहितीच्या अधिकारात जे कागदावर आहे तेच मिळतं. ‘असं का केलं’ याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधलेला नाही. सभागृहात ‘कारणे काय’ विचारता येतं आणि मंत्र्याला ते आपल्या नावानं सांगावं लागतं. शिवाय अर्जानं एक गाव हाती येतं. आठ जिल्ह्यांचं विवरणपत्र एका दमात मागायचं तर सभागृहच.

आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का हे बघणारी आश्वासन समिती विसरू नका. मंत्री ‘तपासून घेतो’, ‘चौकशी करू’ म्हणाले की लोक हसतात. पण संसदेत ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि तीन महिन्यांत पूर्तता करायची असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. ‘हे खरे नाही’पेक्षा ‘माहिती गोळा केली जात आहे’ हे उत्तर म्हणूनच जास्त कामाचं. त्याची शेपटी धरून ठेवता येते.

मन्याड

शेपटी धरणारा पाहिजे ना. मुदतवाढ मागता येते, आश्वासन वगळायची विनंतीही करता येते. आश्वासन कोणत्या तारखेचं हेच पाठपुरावा करणाऱ्याला माहीत नसतं.

दुधना

दिल्लीचं कुणी काढलं नाही म्हणून सांगतो. मराठवाड्याचे 8 खासदार आहेत. लोकसभेत एका दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत लागतात. तोंडी उत्तराची पाळी त्या 20 मधल्या मोजक्यांचीच येते, म्हणून आकडे पाहिजे असतील तर अतारांकितच बरा. तिथली पळवाट वेगळी: ‘पाणी हा राज्याचा विषय आहे.’ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे ते खरंही आहे. त्यापुढे दोन पानं योजनेची पार्श्वभूमी, जी दरवेळी तीच असते, आणि कामाचा आकडा शेवटी अनुबंधात, म्हणजे जोडलेल्या तक्त्यात. उत्तर शेवटाकडून वाचायची सवय लावा.

टँकर राज्याचा, पण जल जीवन मिशन केंद्राचं. 2019 ला जाहीर झालं, माणशी रोज 55 लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं आणि नियमित, अशी त्याची व्याख्या. पण प्रश्नात ‘नळजोडण्या किती’ विचारलं की जोडण्याच मोजून मिळतात. नळ बसला आणि नळाला पाणी आलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. सरळ विचारावं: ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळ झाल्याचं सांगितलेल्या गावांपैकी किती गावांत त्याच वर्षी टँकर चालला? एक यादी केंद्राच्या संकेतस्थळावर, दुसरी टंचाई शाखेत. दोन याद्या शेजारी ठेवायला कुणीच सांगत नाही, म्हणून त्या ठेवल्या जात नाहीत.

मन्याड

हे मात्र लाखमोलाचं बोललात.

आता वेळेचं बघा. टंचाई आराखड्याचे तीन टप्पे: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. टँकरचा कहर तिसऱ्या टप्प्यात. आणि त्यावरचे प्रश्न लागतात कधी? पावसाळी अधिवेशनात, टँकर बंद झाल्यावर. तिथं सभागृह तहकूब झालं तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, डिसेंबरात. वरातीमागून घोडं. तोवर टँकर परत गेलेला, रस्त्यावरची चाकोरी पुसलेली, चौकशी कशाची करायची?

प्रश्न अर्थसंकल्पी अधिवेशनातच पाहिजे, तिसरा टप्पा लागायच्या आधी. आणि तो भ्रष्टाचाराचा नको, तयारीचा पाहिजे: कोणत्या गावांना टँकर प्रस्तावित, कोणता उद्भव, किती अंतरावरून. अंतर मुद्दाम विचारायचं, कारण भाड्याच्या टँकरला टनामागे भाडं आणि वर किलोमीटरचा दर असतो. उद्भव 8 किलोमीटरवर असताना 19 किलोमीटरवरचा दाखवला तर खेप खरी असूनही पैसा वाहून जातो. मग जूनमध्ये कोणी ‘अहवालानुसार’ म्हणालं तर मार्चचं छापील उत्तर समोर धरता येतं.

टिपणीवाला

बरोबर. फक्त अतिलोभ नको. ‘मराठवाड्यातील सर्व गावांची गावनिहाय, दिननिहाय माहिती’ मागितलीत की ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ ठरलेलं, आणि ती वर्षभर संकलितच होत राहते. एक तालुका, तीन महिने, चार-पाच रकाने. जी नोंद आधीच कुठल्यातरी वहीत आहे तीच मागा. नवीन मोजणी करायला लावणारा प्रश्न म्हणजे खालच्या माणसाला ‘निरंक’चं आमंत्रण.

तेरणाकाठ

चला, मग सगळ्यांचं धरून नव्यानं लिहितो. काय राहिलं ते सांगा:

“(1) ... तालुक्यात गतवर्षी माहे एप्रिल ते जून या कालावधीत टँकर मंजूर असलेल्या गावांची व वाड्यांची स्वतंत्र संख्या किती. (2) त्यांना गाव/वाडीनिहाय टँकरची क्षमता, भरण्याचा उद्भव व अंतर, मंजूर खेपा, जीपीएस अहवालानुसार झालेल्या खेपा व देयक अदा केलेल्या खेपा किती. (3) मंजूर व झालेल्या खेपांमध्ये तफावत असल्यास, त्याची कारणे काय. (4) यापैकी किती गावे जल जीवन मिशनअंतर्गत ‘हर घर जल’ घोषित आहेत?”

जोंधळा

(4) मध्ये नुसतं ‘घोषित’ नको. विभागानं घोषित केलेली गावं वेगळी आणि ग्रामसभेनं ठराव करून प्रमाणित केलेली वेगळी. दोन्ही आकडे मागा, नाहीतर जो सोयीचा तो देतील. आणि (2) मध्ये उद्भवावरच्या नोंदवहीप्रमाणे भरलेल्या खेपा राहिल्या. एवढं सांगूनही विसरलाव.

मन्याड

आणि (3) बघा, तेरणाकाठ. ‘तफावत असल्यास’. तुम्हीच खुंटी ठोकली परत. “(3) तफावत नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.” तो ‘असल्यास’ काढा आणि ‘मंजुरीपेक्षा कमी खेपा झालेल्या दिवसांची संख्या व प्रत्येक दिवसाचे कारण’ असं लिहा.

तेरणाकाठ

काढला. (2) मध्ये नोंदवही पण घातली.