शिवजयंतीच्या ४५ शर्टांवर एम्ब्रॉयडरी, कुठं कुठला टाका घालायचा?

शिवणघर_वडगाव
नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावच्या वडगावात घरीच शिवणकाम करते, आत्तापर्यंत ब्लाऊज, ड्रेस आणि शाळेचे युनिफॉर्म एवढंच केलंय. आता गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी वैशाखातल्या चित्ररथ मिरवणुकीला घालायला ४५ शर्टांची ऑर्डर दिलीय, पांढरं कॉटन, हाफ हात, एकेकाच्या मापानं. शिवायचं काय नाही हो, ते मी करते, अडलंय ते एम्ब्रॉयडरीत. त्यांना खिशावर राजमुद्रा पाहिजे ३ इंचात, पूर्ण श्लोकासकट, आणि पाठीवर गडाचा दरवाजा, त्याच्यावर कमानीसारखं मंडळाचं नाव, रुंदी १० इंच. मशीनवाल्याकडं गेले तर तो विचारतोय सॅटिन पाहिजे का फिलिंग का रनिंग, आणि टाके जेवढे तेवढे पैसे. मला हाताचे टाके येतात, साखळी, देठाचा, काज टाका, पण हे मशीनचं काय कळेना झालंय.

मागच्या वर्षी भाच्याच्या ढोल पथकाचे शर्ट एका ठिकाणाहून करून आणलेले, ते दोन धुण्यात पाठीवर असे आक्रसले की इस्त्री मारून पण सपाट होईनात, आणि आतनं टोचतंय म्हणून पोरं मे महिन्यात जाड बनियन घालून वाजवायली होती. तसं माझ्या हातनं व्हायला नको, गल्लीतलीच पोरं आहेत. पंचिंगला (चित्राची मशीनसाठी फाईल बनवायला) द्यायच्या आधी कुणीतरी नीट सांगा की.

निपाणीकर७
ताई, राजमुद्रा ३ इंचात एम्ब्रॉयडरीनं वाचता येणार नाही, आम्ही करून बघितलंय. श्लोकाच्या जागी नुसते ठिपके दिसायले होते. पैसे घालवू नका.

फ्रेमवाला_शहापूर
अक्का, मी १२ वर्षं हेच काम करतोय, जरा सविस्तर सांगतो.

आधी राजमुद्रेचं. श्लोकात ३२ अक्षरं आहेत, त्यात च्चं, ष्णु, श्व, स्यै असली जोडाक्षरं. ३ इंचातनं अष्टकोनाची कड सोडली तर आत अडीच इंच राहतात, पाच-सहा ओळी बसवल्या तर वरखालच्या मात्रा सोडून अक्षराला ४-५ मिलिमीटर मिळतात आणि अक्षराची दांडी अर्धा मिलिमीटरची होते. सॅटिनला कमीत कमी १ मिलिमीटर रुंदी लागते, त्याखाली सुई त्याच त्याच भोकात जाते, कापड कापलं जातं, धागा तुटतो. इंग्रजी कॅपिटल अक्षर ५ मिलिमीटरला कसंतरी निघतं कारण त्याला मात्रा नाही, रफार नाही, अनुस्वार नाही. देवनागरी मी १० मिलिमीटरच्या खाली घेत नाही. बारीक ६० नंबरचा धागा आणि ९ नंबरची सुई लावली तर ८ पर्यंत जातं, त्याच्या खाली नाही. आणि महाराजांची मुद्रा आहे, चुकीची वाचली जाण्यापेक्षा नसलेली बरी. पोरांना श्लोक पाहिजेच असेल तर विणलेला बॅज करून घ्या, लेबल विणतात तसा, त्यात बारीक अक्षर पुष्कळ चांगलं येतं, आणि कडेनं शिवून टाका. नाहीतर खिशावर नुसती ढाल-तलवार.

आता टाके. तुम्ही काढताय त्या रेघेची रुंदी किती, त्यावर सगळं ठरतं. १ मिलिमीटरच्या आतली रेघ म्हणजे रनिंग, तुमचा धावदोराच, ठसठशीत पाहिजे तर तेच तीनदा मागं-पुढं. दीडपासून ७ मिलिमीटरपर्यंत सॅटिन, चकचकीत आणि भरलेलं दिसतं, अक्षराला तेच. त्याच्यापेक्षा रुंद सॅटिन घातलं तर धागे लोंबतात, अंगठीत, घड्याळात अडकून ओढले जातात. मशीनची एक उडी पण १२ मिलिमीटरच्या आसपास संपते. त्याहून मोठी जागा म्हणजे फिलिंग, त्यात ओळी ओळीनं छोटे टाके पडतात, दिसायला सपाट असतं पण पक्कं.

तुमच्या भाच्याच्या शर्टांचं दुखणं हेच असणार बघा, पाठीवरचं सगळं चित्र फिलिंगनं भरलेलं. १० इंची दरवाजा भरायला गेला की ३५ हजार टाक्यांच्या खाली येत नाही. मिनिटाला ७०० टाक्यांनी एकेका शर्टाला ५० मिनिटं, ४५ शर्टाला एका हेडच्या (एका वेळी एकच शर्ट करणाऱ्या) मशीनवर साडेसदतीस तास नुसती सुई चालणार. आणि एवढा धागा पातळ कॉटनवर बसला की ते कापड राहत नाही, पुठ्ठा होतो.

खानापूरची_काकू
दादा बरोबर सांगायलाय. मी धारवाडकडची, लग्न होऊन खानापुरात आले, कसुती करते, म्हणजे आमच्याकडचं धागे मोजून करायचं भरतकाम. दरवाजा भरायचाच कशाला ग? भरायच्या जागी चोळीचा खण लाव. आपला गुळेदगुड्डचा खण, लाल नाहीतर हिरवा, दरवाज्याच्या आकारात कापायचा आणि कडेनं सॅटिन. आत एक टाका नाही. लांबनं बघितलं तर विणीची चौकट दगडी कामासारखी दिसते, मी नातवाच्या कुर्त्याला तसंच केलंय.

आणि एखाद-दोन शर्ट मान्यवरांसाठी वेगळे करायचे असतील तर कॉलरच्या कडेनं आणि बटणपट्टीवर कसुती घाल. गवंतीची सरळ रेघ आणि मुरगीच्या पायऱ्या एवढं पुरे, दोन्ही बाजूनं सारखं दिसतं आणि गाठ मारत नाहीत त्यामुळं गळ्याला काही लागत नाही. नेगी, मेंथी हे कसुतीचे दुसरे टाके नकोत, मेंथी भरगच्च असते, कॉलर जड होईल. पॉपलीनचे धागे मोजता येत नाहीत, डोळे जातात, म्हणून वरनं जाळीचं कापड टाचून त्याच्यावर मोजून काढायचं आणि मग जाळीचे धागे एकेक ओढून काढायचे. ४५ शर्टांवर मात्र हे करायला बसू नकोस, एका कॉलरला माझे दोन दिवस जातात.

अनगोळ_ढोल
मी वाजवतो. ढोलाचा पट्टा खांद्यावरनं पाठीवर तिरका जातो, तिथं एम्ब्रॉयडरी आली की ५-६ तासांच्या मिरवणुकीत कातडं सोलतं, खरंच. डिझाईन योकच्या (खांद्यावरच्या जोडपट्टीच्या) खाली दोन बोटं सोडून सुरू करा. आणि मिरवणुकीत वळीव येतोच येतो, भगव्या धाग्याचा रंग पांढऱ्यावर उतरला तर शर्ट गेला.

फ्रेमवाला_शहापूर
रंगाचं बरोबर. पॉलिस्टरचा धागा घ्यायला सांगा, रेयॉनला चमक जास्त असते पण पाण्याला आणि ब्लीचला पॉलिस्टरच टिकतो, पांढऱ्या शर्टाला घरी कुणीतरी ब्लीच घालणारच.

काकूंचा खण मला मनापासून पटला. फक्त तीन गोष्टी बघा. खण आधी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर पिळून बघा, रंग सुटला तर तो रंग घेऊ नका. कापायच्या आधी मागनं फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) चिकटवा, नाहीतर कडा उसवत जातात. आणि कडेचं सॅटिन साडेतीन ते चार मिलिमीटर ठेवायला सांगा, त्याच्यापेक्षा बारीक घातलं तर खणाचे धागे आतनं बाहेर येतात. मशीन आधी जागेची रेघ मारते, मग तुम्ही खण ठेवायचा, मग टाचायची शिलाई, मग सॅटिन.

एक राहिलं, सगळ्यात महत्त्वाचं तेच. तुम्ही शर्ट स्वतः शिवताय ना, मग शिवलेला शर्ट एम्ब्रॉयडरीला देऊच नका. आधी कापड धुऊन वाळवून घ्या. कॉटन आटतं आणि पॉलिस्टर धागा आटत नाही, धुतल्यावर चुण्या पडतात त्या त्यानंच. मग पाठीचा आणि खिशाचा पीस कापून, कडेला जास्त मार्जिन ठेवून, सपाट पीसवर एम्ब्रॉयडरी करून आणा आणि नंतर शिवा. मागच्या बॅकिंग पेपरला (टाक्यांना आधार म्हणून कापडाखाली लावतात तो) मशीनवाले काटकसर करतात, तो लावलाच पाहिजे. शर्टाच्या विणलेल्या कापडाला फाडून काढायचा चालतो, टीशर्ट असता तर कापून ठेवायचा लागला असता.

शिवणघर_वडगाव
काकू, दादा, सगळ्यांचे खूप आभार. पोरांना समोर बसवून सांगितलं. राजमुद्रेला आधी तयार नव्हती, मग १० मिलिमीटरला ३२ अक्षरं कागदावर काढून दाखवली तर अष्टकोन खिशाच्या बाहेर जायला लागला, तेव्हा पटलं. आता खिशावर ढाल-तलवार, पाठीवर लाल खणाचा दरवाजा, बुरुजाची बाहेरची रेघ मी स्वतः आरीनं (आकड्याच्या सुईनं) साखळी टाक्यात काढणार आहे, मऊ राहते म्हणून.

काल मंडळाच्या नावाचा एक नमुना करून आणला, सॅटिन, २५ मिलिमीटर अक्षर. चकाकी छान आहे पण दोन खोड्या आहेत. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी घातलीय त्यामुळं जोडाच्या ठिकाणी गाठीसारखं कडक लागतंय. आणि काना बारीक आलाय, खाली थोडा जास्तच लोंबतोय, कागदावर तसा नव्हता.

फ्रेमवाला_शहापूर
दोन्ही पंचिंगच्या चुका आहेत, फुकट दुरुस्त करून मागा. सॅटिनचा टाका ज्या दिशेनं पडतो त्या दिशेनं कापड आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिशेनं बाहेर ढकललं जातं, म्हणून उभा काना बारीक आणि लांब होतो. त्याला सांगा रुंदीला ०.३ मिलिमीटर भर घाल आणि खालून तेवढंच कमी कर. शिरोरेघ पूर्ण शब्दाला एकच, अक्षरं झाल्यावर शेवटी, डावीकडनं उजवीकडं सलग. सॅटिनच्या खाली आधाराचे टाके घातलेत का ते पण विचारा, नसतील तर अक्षर कापडात बुडतं. मागची बाजू उलटून बघा, मधोमध एक तृतीयांश पांढरा बॉबिनचा (खालचा) धागा आणि दोन्ही कडांना वरचा भगवा दिसला तर ताण बरोबर आहे. सगळाच भगवा दिसत असेल तर वरचा धागा सैल आहे.

साखळीचं शेवटचं टोक मात्र अक्का मागं नेऊन पक्कं बांधा, साखळी टाक्याचं टोक सुटलं की ओढल्यावर अख्खी रेघ उसवत येते.

खानापूरची_काकू
बांधून वर दोन बारीक टाके मार ग. आणि खणाचा तुकडा कमी पडला तर सांग, माझ्याकडं लाल आहे, बसनं पाठवते.

शिवणघर_वडगाव
काकू, दीड मीटर कमी पडेल बहुतेक, दरवाजे मोजून उद्या सांगते.